‘फ्रेंड’, मित्र आणि गडी
(एका पुस्तिकेच्या निमित्ताने)

गेल्या पावसाळ्यात एका अंत्यविधीसाठी सोलापूरकडे जाण्याचा प्रसंग आला. स्वारगेट बसस्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असता एक फेरीवाला मुलगा पुस्तिकांची चळत घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. व्रतांच्या पोथ्या, पाककृती, घरगुती औषधे आणि रोजच्या उपयोगाचे इंग्रजी, असा त्याचा संसार होता. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही इंग्रजीची पुस्तिका घेतली व गाडी आल्यावर वेळ घालविण्यासाठी उघडली. तिच्यात एक प्रकरण मित्र आणि मैत्री यांविषयी बोलताना वापरावयाच्या इंग्रजी शब्दांचे व वाक्प्रचारांचे होते. डावीकडे इंग्रजी, मधे त्याचा देवनागरी उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. ते प्रकरण वाचता वाचता हडपसर केव्हा मागे पडले ते कळले नाही. पुस्तिका आम्ही अजून जवळ ठेवली आहे, आणि तिच्यावर चार शब्द लिहावेत असे वाटल्यावरून हा लेख.

फलाटावर विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेवर समीक्षा कसली लिहावयाची, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर साधे आहे. आपल्या त्रैमासिकाचे वाचक मोजके, आणि या पुस्तिकांचे वाचक अगणित. सातारा, सांगली, सोलापूरकडून नोकरीसाठी पुण्यात उतरणारा तरुण ज्या ठिकाणी प्रथम पाय ठेवतो, तेथेच ती त्याच्या हाती पडते. इंग्रजी आले नाही तर आपण मागे राहू, ही भीती त्याच्या मनात असते, आणि ती भीती खोटी नव्हे. तेव्हा हे पुस्तक त्याला काय शिकवते, याची विचारपूस करणे हे आमच्यासारख्या धर्मग्रामात काम करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. पुस्तिकेचे नाव व प्रकाशकाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. अशा साऱ्या पुस्तिका एकाच साच्यातून निघतात. एकीला वेगळे काढून दोष देणे न्यायाचे होणार नाही.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. परभाषेतून शब्द घेण्याला आमचा विरोध नाही. ज्या स्वारगेटवर आम्ही पुस्तिका घेतली, त्या नावात फारसीतला ‘स्वार’ आणि इंग्रजीतला ‘गेट’ गळ्यात गळा घालून उभे आहेत, आणि कोणाही पुणेकराला त्यात काही परके वाटत नाही. ‘दोस्त’ आणि ‘यार’ फारसीतून आले. ज्या ‘सोबत’ शब्दावाचून आपले एक वाक्य पुरे होत नाही, तो अरबीतल्या ‘सोहबत’चा वंशज. आम्ही कॅथलिक तर ‘मिस्सा’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द रोज उच्चारतो, आणि लोक आम्हांला ‘फादर’ म्हणतात. शब्द कोठून आला हा प्रश्नच नव्हे. तो आल्यावर त्याने घरात काय भर घातली आणि कोणाला घराबाहेर काढले, हा प्रश्न आहे.

आता पुस्तिकेकडे वळू. प्रकरणाच्या पहिल्या पानावर नऊ शब्द ओळीने दिले आहेत : फ्रेंड, कम्पॅनियन, कॉम्रेड, फेलो, मेट, पाल, चम, बडी आणि अॅक्वेन्टन्स. शेवटच्यापुढे ‘ओळखीचा माणूस’ असे आहे. उरलेल्या आठही शब्दांपुढे एकच अर्थ छापला आहे : ‘मित्र’. संकलकाने कागद वाचविला, पण वाचकाला फसविले. हे आठ शब्द आठ निरनिराळ्या दारांनी त्या भाषेत आले आहेत. ‘फ्रेंड’ हा जुन्या इंग्रजीतील ‘प्रेम करणे’ या क्रियापदापासून झालेला, म्हणजे मुळात ‘प्रेम करणारा’. त्याचे मूळ आणि आपल्या ‘प्रिय’ या शब्दाचे मूळ एकच आहे, असे भाषाशास्त्र सांगते. त्याच घडणीचा ‘फीन्ड’ हा शब्द ‘द्वेष करणारा’ या अर्थाने जन्मला आणि पुढे सैतानाला लावला गेला. ‘कम्पॅनियन’ लॅटिनमधून आला; ज्याच्याबरोबर आपण भाकर खातो तो कम्पॅनियन. ‘मेट’ हाही मुळात एका ताटातील अन्न वाटून घेणारा. ‘कॉम्रेड’ म्हणजे एका खोलीत राहणारा. ‘चम’ हा सतराव्या शतकातील विद्यार्थ्यांच्या बोलीतला, बहुधा तोही खोलीतल्या सोबत्यासाठीच. ‘फेलो’ हा उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांचा शब्द : ज्याने आपल्याबरोबर धन मांडले, म्हणजे भागीदार. आणि ‘पाल’ हा तर भटक्या जिप्सी लोकांच्या रोमानी भाषेतून इंग्रजीत शिरला. त्याचा अर्थ ‘भाऊ’, आणि त्याचे नाते आपल्या संस्कृत ‘भ्रातृ’शी आहे. आपल्याच देशातून शेकडो वर्षांपूर्वी निघालेला एक शब्द लंडनच्या गल्ल्यांतून फिरून स्वारगेटच्या फलाटावर परत येतो, आणि आपण त्याच्यापुढे ‘मित्र’ असे लिहून मोकळे होतो!

प्रेम, भाकर, खोली, धन आणि रक्त : माणसे कशाकशाने जवळ येतात याची ही एक यादीच आहे. पुस्तिकेने ती पुसून टाकली. याहून मोठे दुःख असे की, मराठीत या भेदांना शब्द नाहीत असा समज तिने तरुण वाचकाच्या मनात निर्माण केला. वास्तविक आपल्या घरची फडताळे भरलेली आहेत. वाटेवर बरोबर चालणारा तो सांगाती. खेळात बरोबर असणारा तो सवंगडी. ज्याच्यापाशी अंतःकरण उघडावे तो सखा किंवा सखी. ज्याच्यावाचून जीव राहत नाही तो जिवलग. ज्याच्याशी आदराचे व घरोब्याचे संबंध आहेत तो स्नेही. अंगावर लंगोटी होती तेव्हापासूनचा तो लंगोटीयार. ज्ञानदेवांनी पसायदानात ‘मैत्र’ हा शब्द सर्व जीवांच्या परस्पर संबंधासाठी योजिला. तुकोबांनी वनातल्या झाडांना ‘सोयरे’ म्हटले, म्हणजे लग्नसंबंधाने जोडल्या जाणाऱ्या नातलगाचा शब्द माणसांच्या पलीकडे नेला. या सगळ्यांच्या जागी आज ‘फ्रेंड’ एकटा बसला आहे. लग्नपत्रिकेत ‘फ्रेंड सर्कल’, वाढदिवसाच्या फलकावर ‘फ्रेंड्स ग्रुप’, आणि कचेरीत शेजारी बसणारा, ज्याचे आडनावही नीट माहीत नाही, तोही ‘फ्रेंड’.

नामांपेक्षाही क्रियापदे अधिक बोलकी असतात. पुस्तिकेत ‘टु मेक फ्रेंड्स’ असे आहे व त्यापुढे ‘मित्र बनविणे’ असा अर्थ दिला आहे. मराठी माणूस मित्र बनवीत नाही. त्याची मैत्री जमते, जुळते, जडते, होते. जोडणे हे एक क्रियापद आहे. पण आपण ‘माणसे जोडतो’ तेही आयुष्यभराच्या खटपटीने. जमणे, जुळणे, जडणे या शब्दांत कर्ता मागे सरतो. जे झाले ते दोघांच्याही हातात पूर्णपणे नव्हते, ते लाभले, अशी जाणीव त्यांत आहे. धर्माच्या भाषेत आम्ही तिला कृपा म्हणू. इंग्रजीतही ही जाणीव नाही असे नव्हे, पण पुस्तिकेने निवडलेले शब्द बाजाराच्या अंगाने जाणारे आहेत. मुलगा मुलीला ‘माझ्याशी फ्रेंडशिप करशील का?’ असे विचारतो, आणि तिने नकार दिला तर ‘तिने फ्रेंडशिप दिली नाही’ असे सांगतो. मैत्री ही मागावयाची व द्यावयाची वस्तू झाली. समाजमाध्यमांनी या व्याकरणाला यंत्राची जोड दिली. विनंती पाठवावयाची, स्वीकारावयाची आणि नको झाल्यावर ‘अनफ्रेंड’ करावयाचे. हा शेवटचा शब्द 2009 साली एका प्रतिष्ठित अमेरिकन-इंग्रजी शब्दकोशाने त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. आपल्या लहानपणी मुले करंगळी दाखवून कट्टी करीत आणि दुसऱ्या दिवशी बट्टी. कट्टीत निदान समोरासमोर उभे राहावे लागे.

तरीसुद्धा ‘फ्रेंड’ मराठी घरात का शिरला, याचे कारण केवळ फॅशन नाही, हे मान्य केले पाहिजे. मराठीत ‘मित्र’ म्हटले की पुरुष आणि ‘मैत्रीण’ म्हटले की स्त्री. मुलगी घरातून निघताना ‘मित्राकडे जाते’ असे म्हणाली की सारे घर कान टवकारते. ‘फ्रेंडकडे जाते’ म्हटले की प्रश्न टळतो, कारण त्या शब्दाला लिंग नाही. पुष्कळ आईबाप आमच्याकडे येऊन या ‘फ्रेंड’ शब्दाविषयी तक्रार करतात : मुले त्याच्याआड लपतात. आम्ही त्यांना उलट विचारतो की, मुलाला लपावेसे का वाटले? तरुण मुलगा आणि तरुण मुलगी यांच्यात निर्मळ मैत्री असू शकते, हे आपल्या घरांनी मनापासून स्वीकारलेलेच नाही; म्हणून आपला शब्द तेथे तोकडा पडला आणि परक्या शब्दाने आसरा दिला. गंमत अशी की संस्कृतात ‘मित्र’ हा शब्द स्नेह्याच्या अर्थी नपुंसकलिंगी आहे. जो मोकळेपणा आपल्या आजीच्या भाषेत होता, तो नात इंग्रजीतून उसना आणते आहे. या बाबतीत दोष पुस्तिकेचा नाही आणि इंग्रजीचाही नाही, तो आपला आहे.

दुसऱ्या पानावर वाक्प्रचार आहेत. त्यांत पहिला अर्थातच ‘अ फ्रेंड इन नीड इज अ फ्रेंड इनडीड’, आणि त्यापुढे ‘गरजेला उपयोगी पडतो तोच खरा मित्र’ असा अर्थ. ही म्हण शाळेपासून आपल्या कानांवर आहे व ती खोटीही नाही. पण ‘उपयोगी पडतो’ या शब्दांनी तिला हिशेबाचे वळण लागते. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले : उपयोगासाठी, सुखासाठी आणि सद्गुणासाठी, आणि पहिल्या दोहोंचे कारण संपले की मैत्री संपते, असे त्याचे म्हणणे. पुस्तिकेतील मैत्री बहुतांशी पहिल्या प्रकारची आहे. पवित्र शास्त्रात याहून वेगळे चित्र दिसते. ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलला नाही. त्यांचे चुकले ते पुढे, जेव्हा त्यांनी तोंड उघडून ईयोबाच्या दुःखाची कारणे सांगण्यास सुरुवात केली तेव्हा. त्या सात दिवसांत त्यांचा उपयोग काय झाला? काहीच नाही. पण मैत्री झाली ती तेवढीच. आमच्या धर्मग्रामात कोणी गेले की शेजारच्या बाया येऊन न बोलता भिंतीला टेकून बसतात. त्यांना ही म्हण येत नाही.

‘कम्पॅनियन’ शब्दाची भाकर मनात घोळत असता आम्हांला स्वारगेटच्याच परिसरातील एक जुनी हकिगत आठवली. स्वारगेटपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनचे मोठे चर्च आहे. ते अँग्लिकन परंपरेचे, आता उत्तर भारतीय चर्चचे. तेथे 1890 साली पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांसारखी माणसे त्यांत होती. कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि शहरात गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्ते घ्यावी लागली. रानडे यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले व त्यासाठी सुधारकांचे बोल खाल्ले. बहिष्काराच्या कात्रीत सापडलेल्या मित्रांच्या अडचणीचा विचार त्यामागे होता, असे त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते.

ही हकिगत ग्रामण्याच्या इतिहासात ‘चहा प्रकरण’ म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती मैत्रीच्या शब्दकोशातील एक पान वाटते. पुस्तिकेतला ‘कम्पॅनियन’ म्हणजे बरोबर भाकर खाणारा, हे लॅटिन भाषकाला सहज सुचले. पुण्यात एका बिस्किटाने अर्धे शहर हादरले. आपल्याकडे मित्र असणे आणि पंगतीला असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. वर्गात शेजारी बसलेला जिवलग घरी आला की ओसरीवर थांबे, आणि त्याचे पाणी वेगळ्या भांड्यात येई. आमच्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी ते पाणी प्यालेले आहे. ख्रिस्तसभेत आल्यावर हे सारे संपले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एका वेदीवरचे ख्रिस्तशरीर स्वीकारून बाहेर आल्यावर सोयरिकीच्या वेळी आपण काय विचारतो, ते ज्याचे त्याने आठवावे. म्हणून ‘कम्पॅनियन’पुढे नुसते ‘मित्र’ असे छापले जाते तेव्हा आम्हांला हळहळ वाटते. जो अर्थ आपल्या समाजाला सर्वांत अधिक हवा होता, नेमका तोच गळाला.

आता शुभवर्तमानाकडे येऊ, कारण या विषयात मराठीने इंग्रजीवर केलेली एक मात तेथे पाहावयास मिळते. संत मत्तयाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात ‘हेताइरोस’ हा शब्द तीन जागी संबोधन म्हणून येतो : द्राक्षमळ्यातील कुरकुरणाऱ्या मजुराला, लग्नाचे वस्त्र न घालता आलेल्या पाहुण्याला, आणि गेथशेमानीच्या बागेत प्रभूला धरून देण्यासाठी आलेल्या यहूदाला. तिन्ही ठिकाणी समोरचा चुकलेला आहे. हा शब्द जवळिकीचा खरा, पण अंतःकरणाचा नव्हे; बरोबर वावरणाऱ्याचा आहे. उलट संत योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांना यापुढे दास न म्हणता मित्र म्हणतो, तेथे ‘फिलोस’ हा प्रेमाचा शब्द आहे. प्रचलित इंग्रजी भाषांतरे बहुधा दोहोंसाठीही ‘फ्रेंड’ हाच शब्द वापरतात, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला वाटते की, यहूदाला आणि योहानाला प्रभूने एकाच नावाने हाक मारली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या मराठी भाषांतरात मात्र मळ्यातील मजुराला आणि यहूदाला ‘गड्या’ असे संबोधन आहे, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना ‘मित्र’.

‘गडी’ हा शब्द किती नेमका आहे पाहा. गडी म्हणजे खेळातला जोडीदार, आणि गडी म्हणजे शेतावरचा किंवा घरचा नोकरही. ‘गड्या’ या हाकेत सलगी आहे, थोडा उपदेश आहे, आणि अजूनही वेळ गेलेली नाही अशी एक विनवणीही आहे. तीन वर्षे बरोबर चाललेल्या, एका ताटात घास बुडविलेल्या माणसाला, तो घात करावयास आला असतानाही, प्रभू परका म्हणत नाही; पण खोटे बोलून त्याला जिवलगही म्हणत नाही. भाषांतरकाराने कोशात पाहून हा शब्द काढला नसावा. तो गावच्या चावडीवरून आणि शेताच्या बांधावरून आला असावा. आजचा एखादा उत्साही तरुण येथे ‘फ्रेंड’ घालील, तर त्या हाकेतली सारी वेदना निघून जाईल.

इतके लिहिल्यावर आमचाच एक दोष कबूल करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी तरुणांच्या शिबिरासाठी आम्ही एक मोठा कापडी फलक लावून घेतला होता : ‘येशू माझा बेस्ट फ्रेंड’. प्रवचनही त्याच सुरात केले. मुलांना ते आवडले. निदान त्यांनी टाळ्या वाजविल्या. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध बाई वेदीजवळ आल्या. लिहिता-वाचता येत नसलेल्या, पण रोज पहाटे रोझरी म्हणणाऱ्या. त्यांनी विचारले, ‘फादर, त्या फडक्यावर काय लिवलंय?’ आम्ही अर्थ सांगितला : सगळ्यांत चांगला मित्र. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, ‘म्हंजी बाकीच्यांबरोबर त्याचा नंबर लावला म्हनायचं.’ ‘तसं नाही आजी,’ असे आम्ही म्हणालो खरे, पण त्यापुढे काय बोलावे ते सुचले नाही.

आजींचे म्हणणे योग्यच होते. ‘बेस्ट’ हा तुलनेचा शब्द आहे, आणि आजच्या मुलांच्या तोंडी तो आठवड्याला बदलणारा आहे. या सोमवारची ‘बेस्ट फ्रेंड’ पुढच्या सोमवारी नसते. संत थॉमस अक्विनास यांनी ईश्वरी प्रीतीची व्याख्या करताना ती ईश्वराशी मनुष्याची मैत्री आहे असे म्हटले, तेव्हा त्यांनी ईश्वराला मित्रांच्या यादीत पहिला क्रमांक दिला नव्हता. आब्राहामाला देवाचा मित्र म्हटले गेले. अरबी भाषेत हेब्रोन शहराचे नावच त्यावरून ‘अल्-खलील’, म्हणजे जिवलग, असे आहे. त्या मैत्रीत आब्राहामाला आपले गाव सोडावे लागले. ‘बेस्ट फ्रेंड’ला कोणी गाव सोडीत नाही. फलक आम्ही काढून घेतला. परंतु प्रवचन परत घेता येत नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ‘कीप इन टच’ असा वाक्प्रचार आहे. अर्थ, ‘संपर्कात राहा’. येथे पुस्तिका आम्ही मिटली होती, आणि आता त्याचे कारण सांगतो. आमच्या गुरुविद्यालयीन दिवसांत मैत्रीविषयीचा एकच इंग्रजी वाक्प्रचार वडीलधाऱ्या धर्मगुरूंच्या तोंडून वारंवार ऐकू येई : ‘पर्टिक्युलर फ्रेंडशिप’. म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीशी जडलेली खास मैत्री. ती टाळावी, कारण तिने समूहजीवन दुभंगते, असा तो जुना इशारा होता. त्यात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. कंपू कोठेही वाईटच. पण ख्रिस्तसभेची परंपरा एवढ्यावर संपत नाही. संत ऑगस्टिन यांनी तरुणपणी वारलेल्या मित्राचे दुःख आपल्या आत्मनिवेदनात लपविले नाही. बाराव्या शतकातील इंग्रज मठाधिपती संत एल्रेड यांनी आध्यात्मिक मैत्रीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. संत इग्नाती आपल्या पहिल्या सोबत्यांना प्रभूमधील मित्र म्हणत. हे आम्ही पुस्तकांत वाचले व परीक्षेत लिहिलेही. आचरणात मात्र तो इशाराच घट्ट धरला, कारण तो सोयीचा होता.

आमच्या वर्गात एक मित्र होता. आम्ही दोघे एकाच तालुक्यातले. आमची मैत्री जडली होती, हा शब्द आम्ही विचारपूर्वक लिहितो. दीक्षेला दोन वर्षे उरली असता त्याने गुरुविद्यालय सोडण्याचा निर्णय घेतला. त्या काळी असा कोणी निघाला की त्याच्याविषयी फारसे बोलले जात नसे. त्याला निरोप देण्यासाठी आम्ही स्वारगेटला गेलो. कोल्हापूरची गाडी लागली. खिडकीशी बसून तो मराठीत म्हणाला, ‘येतो रे.’ आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आम्ही त्याला इंग्रजीत उत्तर दिले, ‘कीप इन टच’. गुरुविद्यालयात सर्व व्यवहार इंग्रजीत चाले, त्यामुळे ते शब्द सहज तोंडात आले, असे आम्ही पुढे स्वतःला सांगत राहिलो. खरे कारण वेगळे होते. ‘ये’ असे मराठीत म्हटले असते, तर त्याची वाट पाहावी लागली असती. इंग्रजी वाक्याने काही मागितले नाही आणि काही दिले नाही. त्याची दोन पत्रे आली. एकाला आम्ही उत्तर लिहिले, दुसरे पत्र वार्षिक परीक्षेच्या गर्दीत राहून गेले. आज त्याचा पत्ता आमच्यापाशी नाही.

म्हणून या पुस्तिकेविषयी आमचा निर्णय असा. तिने शिकविलेले इंग्रजी चुकीचे नाही. कार्यालयात, मुलाखतीत, परगावी ते उपयोगी पडेल, आणि तरुणांनी ते अवश्य शिकावे. तिचे चुकले ते उजव्या बाजूच्या रकान्यात, मराठीत. भाषा शिकविताना शिकणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेला दरिद्री करू नये, हा साधा नियम तिने पाळला नाही. येशूसंघीय मत्तेओ रिची यांनी 1595 साली चीनमध्ये मैत्रीवर एक लहान पुस्तक चिनी भाषेत लिहिले. पाश्चात्त्य विचारवंतांची मैत्रीविषयक वचने निवडून त्यांनी तेथील वाचकांपुढे ठेविली. एका अर्थी तीही परक्या भाषेतील मैत्रीची पुस्तिकाच होती. पण तेथील परंपरेत पाच मूलभूत नात्यांपैकी एक मित्राचे मानले जाते, हे जाणून घेऊन आणि त्यांची भाषा आत्मसात करून मगच त्यांनी लेखणी उचलली होती. म्हणून चिनी विद्वानांनी ती आदराने वाचली. आपल्याच कोकणपट्टीच्या दक्षिणेला, गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून प्रसिद्ध केले. उपासनाविधीचे काही शब्द त्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले, पण ओवीचा साचा आणि पुराणाचा घाट येथलाच ठेवला. पुण्याच्या पेठेत मॅथ्यू लेदर्ले या जर्मन धर्मगुरूंनी संवादासाठी जे घर उघडले, त्याला त्यांनी ‘स्नेहसदन’ हे नाव दिले. परक्यांनी आपले शब्द इतक्या प्रेमाने उचलले, आणि आपण ते फलाटावर विसरून जातो, हे बरे नव्हे.

धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांना आमची विनंती आहे की, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मुले मनगटावर ‘फ्रेंडशिप’चे पट्टे बांधून येतात, तेव्हा त्यांना रागावू नये. त्यांना विचारावे : यांपैकी सांगाती कोण, सवंगडी कोण, जिवलग कोण? कोणाच्या घरी तू जेवलास, आणि कोण तुझ्या घरी जेवला? पट्टा बांधलेल्या हातानेच मुलांना शब्द मोजू द्यावेत.

आणि वाचकांना आणखी एक विनंती. नगर जिल्ह्यातील खेड्यांत, सोलापूरकडे, वसईच्या सामवेदी व वाडवळी बोलींत, कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला मित्रासाठी, मैत्रिणीसाठी, मैत्री जमण्यासाठी व तुटण्यासाठी जे शब्द घरोघरी वापरले जातात, ते कृपया आम्हांला कळवावेत. आजी-आजोबांना विचारून कळवावेत, कारण ते त्यांच्यापाशी आहेत. संपादकांनी जागा दिल्यास त्यांची यादी पुढील अंकात देण्याचा मानस आहे. आमच्या त्या मित्राच्या वाचनात हा लेख आला, तर तो कोणत्या गावचा शब्द पाठवितो याकडे आमचे लक्ष राहील. पत्राचे उत्तर या वेळी लगेच जाईल.